साखरेचे पांघरूण

आळंद तालुक्यातले आमचे खजुरी हे हद्दीवरचे गाव. येथे एकाच अंगणात मराठी आणि कानडी नांदते. मी आठवीत असताना दीड वर्षाच्या धाकट्या भावाला ताप आला. आई म्हणाली, "मुदतीचा दिसतो." शेजारच्या अक्का म्हणाल्या, "ज्वर." नाव काही दिले तरी ताप उतरेना. रात्री चमच्याने साखरपाणी पाजण्याचे काम माझ्याकडे होते. आठवड्यानंतर रक्त तपासले, टायफॉइड निघाला. डॉक्टर म्हणाले, "जंतू ताप येण्याआधी आठ-पंधरा दिवस पोटात शिरला असणार." म्हणजे तो अंगणात दुडूदुडू धावत होता तेव्हाच! मग शरीराच्या पहारेकऱ्यांना कळले कसे नाही?

भाऊ वाचला, प्रश्न मात्र राहिला. उत्तर मिळाले ते कॉलेजात, जीवशास्त्राच्या तासाला. टायफॉइडच्या जंतूभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे आवरण असते. फेलिक्स आणि पिट या संशोधकांनी १९३४ साली ते उजेडात आणले. जंतूची उग्रता वाढवणारे म्हणून त्याला 'व्हीआय' म्हणतात. ज्या खुणा पाहून आपल्या पांढऱ्या पेशी सावध होतात, त्या खुणा या आवरणाखाली झाकल्या जातात. आतड्याच्या पोकळीत जंतू हे पांघरूण फारसे घेत नाही. भिंत ओलांडली की ओढून घेतो. धनगराचे घोंगडे पांघरून चोर मेंढवाड्यात शिरला, तर कुत्री भुंकणार कशी?

पण मित्रहो, घोंगडे ओळखीचे झाले की चोरही सापडतो. म्हणूनच या शर्करेची लस निघाली. मोठ्या माणसांना ती उपयोगी पडली. दोन वर्षांखालील मुलांचे शरीर मात्र नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही. म्हणजे ही जुनी लस माझ्या भावाच्या कामाची नव्हती! पुढे शास्त्रज्ञांनी ही शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला जोडली. प्रथिन बाळाच्या शरीरालाही ओळखू येते आणि त्याच्या संगतीने शर्कराही लक्षात राहते. हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या अशा लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१७ च्या अखेरीस मिळाली. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या लाखाहून अधिक मुलांना ती टोचली.

हे सारे वर्गात ऐकताना अभिमान वाटला, आणि एक आठवण टोचली. हा जंतू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. मी भावाला पाजलेले साखरपाणी न उकळलेल्या पाण्याचे होते. जंतू त्यातूनच आला असे मी म्हणत नाही. पण साखर मोजून घातली, पाण्याकडे कुणी पाहिले नाही. आता आमच्या चुलीवर रोज संध्याकाळी पाण्याचे पातेले चढते. अक्का विचारतात, "नीर कशाला तापवता?" मी त्यांना घोंगडे पांघरलेल्या चोराची गोष्ट सांगतो. परवा पाहिले, त्यांच्याही चुलीवर पातेले होते.