सांधा दिसू नये म्हणून

माझ्या भाचीचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला. आता पुण्याला राहून संगणकावर गाड्यांचे डिझाइन शिकायचे म्हणते. तिच्या अब्बांचे बीडमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे. ते मला म्हणाले, "आपा, चित्रंच काढायची तर मुलगी एवढ्या लांब कशाला पाठवायची?" मी शाळेत गणित शिकवते, म्हणून समजावण्याचे काम माझ्याकडे आले.

गाडीचे बॉनेट किंवा दार संगणकात एका तुकड्यात बनत नाही. अनेक वक्र तुकडे जोडावे लागतात. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये या वक्रांची रीत शोधली, पण कंपनीने ती गुपित ठेवली. रेनो कंपनीच्या पिएर बेझिए यांनी तेच काम स्वतंत्रपणे करून जगापुढे मांडले, म्हणून आज नाव त्यांचे आहे. या रीतीत नेहमीचा तुकडा सोळा बिंदूंनी आकार घेतो, चार ओळींत चार-चार.

दोन तुकड्यांच्या कडा नुसत्या भिडल्या तर सांध्यावर धार दिसते. ती घालवायला दोन्हीकडचा उतार एक हवा. त्यासाठी सांध्यावरचा बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी बिंदू सरळ रेषेत ठेवतात आणि प्रत्येक ओळीत अंतरांचे प्रमाण सारखे राखतात. दहावीच्या वर्तुळातली स्पर्शिका, उर्दू वर्गातली मुमास, इथे कामाला येते.

एवढ्यानेही भागत नाही. हाताला गुळगुळीत लागते, तरी ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सांध्यावर मोडते, कारण तिथे वक्रता एकदम बदलते. वक्रताही जुळली की प्रकाशाची रेघ न मोडता पुढे जाते. पत्रा कापण्याआधीच संगणकावर काळे-पांढरे पट्टे टाकून हे तपासतात.

भाई गप्प झाले. ठोकलेल्या पत्र्यावर लांबी भरून, घासून, तिरपे वाकून ते रोज हेच पाहतात. मुलीने ती नजर त्यांच्याच गॅरेजात कमावली आहे.

मुलीला परगावी पाठवताना राहण्याची सोय, सोबत, खर्च हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण काम काय आहे हे समजून न घेता नकार देऊ नये. स्पर्शिका पक्की समजलेल्या मुली माझ्या वर्गात दरवर्षी असतात.

भाईंनी अजून होकार दिलेला नाही. मात्र पुढच्या आठवड्यात पुण्यातले मुलींचे वसतिगृह पाहायला ते स्वतः जाणार आहेत.