अर्धा फेडलेला नवस

मटार सोलायला बसलं की आमच्याकडे टीव्ही लागतो. परवाच्या थंडीत मटार स्वस्त झाले, तेव्हा सूनबाई आणि मी पाच किलोंचा ढीग पुढ्यात घेऊन बसलो. ती म्हणाली, "आई, आज तुम्हाला माझी आवडती मालिका दाखवते." म्हटलं, दाखव बाई. तर लागली 'गेम ऑफ थ्रोन्स'! बर्फातली भुतं काय, तलवारी काय, पुढे ड्रॅगनही येणार म्हणे. "अगं, हे पोरासोरांचं!" मी म्हणाले. "थांबा तर खरं," ती म्हणाली.

मटार संपले, पापडाच्या लाट्या झाल्या, चिंच फोडून झाली, तरी मालिका चालूच. अमेरिकेतल्या एचबीओ वाहिनीनं ती २०११ ते २०१९ या काळात दाखवली. आठ पर्वं आणि तब्बल ७३ भाग! जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरून ती घेतली आहे. मधूनमधून असले काही प्रसंग येतात की सूनबाई घाईघाईनं चित्र पुढे ढकलायची आणि मी मटारात मान घालायची. पण मैत्रिणींनो, मला धरून ठेवलं ते ड्रॅगननी नव्हे, एका बाईनं. तिचं नाव केटलिन स्टार्क. काम केलंय मिशेल फेअरली या नटीनं.

केटलिन म्हणजे उत्तरेकडच्या सरदाराची, नेड स्टार्कची बायको. पाच मुलांची आई. पण घरात सहावा मुलगाही आहे, जॉन. लग्न झाल्यावर नेड लढाईवर गेला आणि परत आला तो हे तान्हं मूल घेऊन. "हा माझा," एवढंच सांगितलं. आई कोण, ते कधीच नाही. त्या मुलुखात अनौरस मुलाला बापाचं आडनाव लावत नाहीत, 'स्नो' म्हणजे बर्फ असं लावतात. म्हणून हा जॉन स्नो. केटलिन त्याला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण राजा घरी येतो तेव्हा मेजवानीत जॉनला कुटुंबाबरोबर जागा नसते. तिचा ब्रॅन उंचावरून पडून बेशुद्ध असतो. घर सोडून दूर निघालेला जॉन भावाचा निरोप घ्यायला येतो, तर ती त्याला जायला सांगते. बस, एवढंच. आवाजसुद्धा चढवत नाही.

सूनबाई म्हणाली, "किती दुष्ट ना, आई?" मी काहीच बोलले नाही. शेंगा सोलत राहिले.

कारण सूनबाई मला 'आई' म्हणते, पण तिचा नवरा मला 'मावशी' म्हणतो. १९८३ साली मी या घरात बिजवराची बायको म्हणून आले, तेव्हा थोरला पाच वर्षांचा होता. "ही तुझी मावशी हं," असं कुणीतरी त्याला सांगितलं आणि तेच राहिलं. 'मला आई म्हण' असं मी कधी म्हटलं नाही. यांनी माझं मन दुखावू नये म्हणून पहिलीचा फोटो ट्रंकेत ठेवून दिला. तिचं नावही कधी काढलं नाही. यांना वाटलं, बरं केलं. पण जी बाई कधी दिसत नाही, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही, तिच्याशी भांडणार कसं? मग ते भांडण माझ्या नकळत त्या पोराशी होत राहिलं.

तिसऱ्या पर्वात, म्हणजे २०१३ साली दाखवलेल्या भागात, एक प्रसंग आहे. तो मूळ कादंबरीत नाही, मालिकेसाठी लिहिलेला आहे. केटलिन काटक्या आणि दोरा घेऊन मुलांच्या रक्षणासाठी एक वस्तू विणत बसलेली असते. शेजारी तिची सून टलिसा. ती हात पुढे करते, तर केटलिन सांगते, हे फक्त आईनंच करायचं असतं. मग हळूहळू सांगू लागते. तान्ह्या जॉनला घरात आणलं तेव्हा त्याच्या आईच्या मत्सरानं तिनं देवाला मागितलं होतं की याला ने. आणि पोराच्या अंगावर फोड उठले, ताप चढला. ती घाबरली. रात्रभर उशाशी बसली. याला जगव, मी याच्यावर माया करीन, नवऱ्याला सांगून याला आमचं नाव देववीन, असं देवाला म्हणाली. पोर जगलं. तिच्याच्यानं शब्द पाळवला नाही. आज घरावर जी संकटं आली ती आईविना पोरावर मला माया करता आली नाही म्हणून, असं ती सुनेला सांगते.

माझा हात थांबला. सूनबाईनं विचारलं, "काय झालं, आई?"

देवाशपथ, मी थोरल्याचं वाईट कधी चिंतलं नाही. पण आजोळची माणसं याला घेऊन जातील तर बरं, असं मनात येई. १९८४ मध्ये त्याला गोवर निघाला. तीन रात्री मी उशाशी कडुलिंबाचा पाला घेऊन बसले. देवीला म्हटलं, याला बरं कर, तुझी ओटी भरीन आणि याला पोटच्यासारखा वागवीन. तो बरा झाला. ओटी भरून आले. नवस अर्धा फिटला.

डबा वेळेवर दिला, फी भरली, स्वेटर विणले. पण धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाला, १९८७ साली, आम्ही फोटो काढायला स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर म्हणाला, "आईबाबा, बाळाला घेऊन बसा." नऊ वर्षांचा थोरला आमच्या चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिला. मी पाहिलं. हाक मारली नाही. तो फोटो आजही आमच्या बाहेरच्या खोलीत आहे.

आपल्या गोष्टींतली सावत्र आई म्हणजे ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची. कैकेयीची रामावर माया होती, पण आपल्याला आठवतात ते दोन वर. केटलिन तशी नाही. म्हणूनच ती बोचते. आणि जॉन तर नेडचा मुलगाच नसतो! तो नेडच्या बहिणीचा. बाळंतपणात मरताना तिनं शब्द घेतला म्हणून, राजानं पोराला मारू नये म्हणून नेडनं बायकोलाही खरं सांगितलं नाही. हे आपल्याला सहाव्या पर्वाच्या शेवटी कळतं. केटलिन तोवर गेलेली असते. तिला कळतच नाही.

त्याच पर्वात तिची मुलगी सान्सा खूप हाल सोसून जॉनकडे येते. लहानपणी मी तुझ्याशी फार वाईट वागले, मला क्षमा कर, म्हणते. क्षमा कसली, आपण लहान होतो, असं तो म्हणतो. तरी ती हट्टानं वदवून घेते. आणि पुढे त्याच जुन्या दालनात जॉन म्हणतो की घरचे वर बसायचे, मी खाली. तरी पुष्कळांपेक्षा मी नशीबवान. तिथे मात्र माझे डोळे वाहिले.

त्या रविवारी थोरला चहाला बसला होता. मी म्हटलं, "अरे, तो स्टुडिओतला फोटो..."

"हो," तो हसून म्हणाला, "चपला माझ्याकडे होत्या."

म्हणजे इतकी वर्षं त्याच्याही लक्षात होतं! म्हटलं, "चुकलं माझं. तुला हाक मारायला हवी होती."

"काहीतरीच काय, मावशी!" कप खाली ठेवून तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गोवर आला तेव्हा तू बसून होतीस ना रात्रभर? मधेच जाग आली की तू दिसायचीस. तेही लक्षात आहे."

हे जाऊन सहा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली, पहिलीचा फोटो काढून पुसला आणि बाहेरच्या खोलीत आमच्या फोटोशेजारी लावला. थोरल्यानं पाहिला, बोलला काही नाही. जाताना "येतो गं, मावशी," म्हणाला. मावशीच म्हणतो अजून. बदल म्हणायला आता मी कोण? पण हाक ऐकली की पूर्वीसारखी बोचत नाही.