तंबोरे, पेटी आणि पेंढा

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडण्यापेक्षा रोह्याच्या वडिलोपार्जित घरी जाऊन राहावं असं ठरलं. मे संपत आला होता आणि पावसाच्या आत पोचणं भाग होतं, कारण सामानात मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी, पेटी आणि तबला-डग्गा होता. कपाट, गाद्या, पितळी डबे, पाटा-वरवंटा हा बाकीचा संसार काय, भिजला तरी वाळला असता.

बायको गाणं शिकवते, त्यामुळे वाद्यांच्या बाबतीत हुकूम तिचा. आदल्या रात्रीच तिने तंबोऱ्यांच्या खुंट्या थोड्या सैल केल्या. तारा पार उतरवायच्या नाहीत. तसं केलं तर घोडी हलते आणि जवारी नव्याने काढून घ्यावी लागते. जिव्याचे दोरे एका डबीत गेले. पेटीचा भाता मिटून कडी घातली. सकाळी हमालाने खोळीला हात घालताना विचारलं, "यात काय आहे साहेब?" मी म्हटलं, "भोपळा." त्याला थट्टा वाटली. पण खरोखरच भोपळा तो, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारा, वाळवून पोकळ केलेला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे, पण टेम्पो खड्ड्यात आदळला की भोपळ्याला मानांकनाचा काही उपयोग नाही.

अटल सेतूवरून जावं असं मला वाटत होतं. २१.८ किलोमीटर सरळ, गुळगुळीत रस्ता. टेम्पोवाल्याने टोलचं नाव काढलं आणि वाशीची वाट धरली. पळस्पे फाट्यापर्यंत ठीक चाललं होतं. पुढे कर्नाळ्याची झाडी, खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल आणि मग तो प्रसिद्ध महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला. तेव्हा बालवर्गात असलेली मुलं एव्हाना कॉलेजात पोचली. आता बराच रस्ता सिमेंटचा झालाय, पण मध्येच वळण येतं, खडी येते, आणि मागून डग्ग्याचा आवाज येतो. तो कुणी न वाजवता आला की बायको माझ्याकडे बघायची, जणू रस्ता मीच बांधला.

हमरापूरला थांबायचं आधीच ठरलं होतं. नव्या घरातला पहिला गणपती तिला इथेच सांगायचा होता. पेणच्या मूर्तींचं नाव जगभर झालं, पण त्यातल्या कितीतरी मूर्ती हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घडतात. दर दुसऱ्या घराला शेड, शेडमध्ये फळ्यांचे मजले, त्यांवर रंगाची वाट बघत पांढरेशुभ्र गणपती. एका कोपऱ्यात बाया पॉलिश पेपरने सोंडा घासत होत्या. कारखान्यासमोर एक ट्रक भरत होता, कच्च्या मूर्तींचा. आमचं काम बाजूला पडलं आणि आम्ही ते भरणंच बघत राहिलो.

तळाला भाताचा पेंढा. त्यावर मूर्ती, पाठीला पाठ लावून. मग दोन मूर्तींमध्ये मुठीने पेंढा कोंबायचा, हाताखाली, कानामागे, मुकुटाच्या बाजूने, इतका की मूर्तीला हलायला जागाच उरू नये. कारखानदार म्हणाले, "धक्क्यानं नाय मोडत वहिनी. मोकळी ऱ्हायली का मोडते."

मग ते आमच्या टेम्पोत डोकावले. तंबोरे गाद्यांवर ऐसपैस आडवे टाकलेले. हमालाने त्यांची सोय बघितली होती. ते काही बोलले नाहीत, पोराला हाक मारून दोन कवळे पेंढा मागवला. पेंढ्याची चुंबळ वळली, तिच्यात एकेक भोपळा बसवला, दांडी गादीला टेकवून सुतळीने बांधली आणि मधली सगळी फट भरून काढली. डग्गा तांदळाच्या डब्यात गेला. पेटी तेवढी त्यांनी उघडून बघितली. "सूर पालिताण्याचे?" आम्ही हो म्हटलं. "आमचा शाडूबी तिकडचाच, भावनगरचा." गावच्या भजनात ते पेटी धरतात, हे तेव्हा कळलं. पेंढ्याचे पैसे घेतले नाहीत. गणपतीचा विसार मात्र चोख मोजून घेतला.

पेण, वडखळ, नागोठणे ही गावं नुसती मागे गेली. भिसे खिंडीच्या वळणांत टेम्पो दोन्ही अंगांना झुकला, पण मागून आवाज नाही. बायकोने त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं.

रोह्यात घर उघडलं तर भिंतींना गेल्या पावसाळ्याची ओल. तबल्याची पुडी इथे टिकवायची म्हणजे कपाटात दिवा लावून ठेवावा लागणार, बुरशीशी चार महिने भांडण. तिने आधी वाद्यांची खोली ठरवली, मग स्वयंपाकाची जागा. सामान उतरत असतानाच शेजारचे काका कुंपणापाशी आले. चहा हवा का, पाणी हवं का, यातलं काही नाही.

"पेटी दिसली म्हणून आलो. शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असतं. आमच्या पेटीचे दोन सूर बसलेत."

"काका, अजून दूधसुद्धा उतू गेलं नाही या घरात," बायको म्हणाली.

"मग ते आज घाला उतू. शनिवारला अजून वेळ आहे."