मनगटावरचा गुलाब

आपल्या ओळखीचा गुलाब ओला असतो. लग्नाच्या मांडवात गुलाबदाणीतून अंगावर शिंपडला जाणारा, गार, पाणेरी. ईव्ह सँ लोराँच्या 'पॅरिस' या अत्तरातला गुलाब मात्र कोरडा आहे. पाकळ्यांना गालावरची पावडर लागावी तसा. १९८३ साली अत्तरकार सोफिया ग्रोइसमन यांनी तो घडवला आणि त्यात संकोच म्हणून ठेवला नाही. भरभरून, मोठ्या आवाजात बोलणारा गुलाब आहे हा, आणि मला तो तसाच आवडतो.

हा पावडरीपणा गुलाबाचा नाही, त्याच्या जोडीला बसवलेल्या व्हायोलेटचा आहे. इवल्या जांभळ्या व्हायोलेटच्या फुलांतून सुगंध काढणं फार महाग पडे. टीमान आणि क्र्यूगर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ त्या वासाचा माग काढत आयरिसच्या वाळवलेल्या मुळांपर्यंत गेले आणि १८९३ साली त्यांनी व्हायोलेटचा वास देणारं 'आयोनोन' हे रसायन जगापुढे ठेवलं. त्याच आयरिसच्या मुळांची पूड युरोपात केसांच्या आणि चेहऱ्याच्या पावडरीत पिढ्यान्‌पिढ्या घातली जाई. म्हणून तर हा वास आला की नाकाला आधी शृंगाराचं टेबल आठवतं, बाग नंतर.

अंगावर लावल्यावर पहिली काही मिनिटं मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. अल्कोहोल उडून जाऊ द्यावं. मनगटं एकमेकांवर घासूही नयेत, सुगंध आपल्या चालीनं उमलू द्यावा. मग गुलाब वर येतो, मधाळ, किंचित फळांच्या अंगाचा. आणि व्हायोलेटचा लपंडाव सुरू होतो. आयोनोननं नाकातले वास टिपणारे ग्राहक लवकर थकतात, वास विझल्यासारखा वाटतो. ते जरा विसावले की तोच वास पुन्हा ताजा होऊन येतो. आपल्याला वाटावं, संपलं सगळं, आणि शेजारून जाणाऱ्यानं थबकून विचारावं, "काय लावलंयस?" सुगंध तिथेच असतो, येजा आपल्या नाकाची चाललेली असते. मला तर ही येजाच या अत्तराचा प्राण वाटते. सतत एकसारखा दरवळणारा गुलाब मला तासाभरात नकोसा होतो.

कोरड्या त्वचेवर तो लवकर ओसरतो. आंघोळीनंतर मनगटाला तेलाचं बोट लावलं तर जास्त टिकतो. मुंबईच्या मे महिन्यात एकच फवारा पुरे, उकाडा बाकीचं काम करतो.

दुपार कलली की फूल म्हणून ओळखावं असं फारसं उरत नाही. चंदन, कस्तुरीचा मऊपणा आणि माझ्याच त्वचेची ऊब यांत मुरलेली ती पूड तेवढी राहते. तोवर ती माझीच झालेली असते, दुसरीच्या मनगटावर तिचा रंग निराळा लागला असता. या अत्तराला जुन्या वळणाचं म्हणून बाजूला सारणाऱ्या मैत्रिणींना म्हणूनच माझं एवढंच सांगणं असतं, दुकानातल्या कागदी पट्टीवर निकाल देऊ नका. सकाळी मनगटावर घ्या, दिवसभर कामं करा, आणि संध्याकाळी मला फोन करा.