हातोदच्या ओसरीवर

इंदूरहून देपालपूरच्या रस्त्याने निघाले की हातोद लागते. दिवाळीच्या पाडव्यास गौतमपुऱ्याचे हिंगोट-युद्ध पाहून परतताना आम्ही तेथे एका स्नेह्यांकडे थांबलो. हिंगणाचे फळ पोखरून वाळवितात, त्यात दारू ठासतात, नेम धरावा म्हणून बांबूची काडी बांधतात आणि गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' व रुणजीचे 'कलंगी' हे दोन पक्ष ती पेटवून परस्परांवर सोडतात. बचावास केवळ ढाल. हारजीत कोणी मोजीत नाही. तरी २०१७ साली एका तरुणाचा प्राण गेला.

“याला खेळ म्हणायचे का हो, भाऊजी?” वहिनींनी विचारले.

उत्तर त्यांच्या पुतण्याने दिले. तो परगावी नोकरीस असताना कापोएरा शिकला होता. हा खेळ ब्राझीलचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांत तो वाढला. मंडळी रिंगण धरतात, दोघे आत उतरतात. लाथ आली तर ती अडवायची नाही. वाकून, हातांवर उलटे होऊन निसटायचे आणि त्याच ओघात उत्तर द्यायचे. येथेही हारजीत नाही.

रिंगणाच्या मुखाशी 'बेरिंबाऊ' असते. वाकविलेल्या काठीला एक तार आणि खाली पोकळ भोपळा. आपल्या तुणतुण्याचे दूरचे भावंडच. वादक काडीने तार वाजवितो, नाण्याने वा गारगोटीने ती दाबून सूर बदलतो. लय संथ असली की खेळाडू भुईसरपट सरकतात, द्रुत झाली की उसळतात. एक गातो, रिंगण झील धरते. बेरिंबाऊने खूण केली की खेळ तेथेच थांबतो. १८९० च्या दंडसंहितेने ब्राझीलमध्ये कापोएराला गुन्हा ठरविले होते. १९३७ साली मेस्त्रे बिंबा यांच्या साल्व्हादोरच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली आणि २०१४ साली युनेस्कोने या रिंगणाला मानवतेचा वारसा म्हटले.

आम्हांस आपला कलगी-तुरा आठवला. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे; डफ-तुणतुण्यावर सवाल-जवाब रात्रभर चालत, पण वार शब्दांचाच. गौतमपुऱ्यात नावे तीच ऐकली. तुणतुणे मात्र कोठे ऐकू आले नाही.

पुतण्या अंगणात उतरला. बेरिंबाऊ नव्हते, म्हणून वहिनींनीच पितळी थाळीवर ठेका धरला. तो झुलू लागला, फिरला, एक पाय उंच गेला, आणि वहिनींनी थाळीवर हात ठेवला. पाय तेथूनच अलगद भुईवर आला.

“एवढे थांबणे तिथे कोणी शिकवील का?” वहिनी म्हणाल्या.