स्वल्प

बंगळूरकरांच्या तोंडी 'स्वल्प' हा शब्द उठताबसता असतो. मराठीत तो आता बहुधा स्वल्पविरामापुरताच उरला आहे. पण येथे आम्हांला जडलेल्या छंदाचे सारे मर्म त्यात आहे. मोटारींच्या छोट्या प्रतिकृती करणे, हा तो छंद.

वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आम्ही १:२४ या प्रमाणात घडवितो. म्हणजे फुटाला अर्धा इंच. सुमारे ३.९ मीटर लांबीची गाडी १६ सेंटिमीटरांत मावते. मापे चोख असूनही प्रतिकृती कधी कधी खेळण्यासारखी का दिसते, यावर रविवारी जमणाऱ्या मंडळींत एकदा कडाक्याचा वाद झाला. कोणी चाकांना दोष दिला, कोणी काचांना. अखेर एक कन्नड स्नेही म्हणाले, "अहो, गाडी लहान झाली, पण रंग कोठे झाला? येथला ०.१ मिलिमीटरचा थर मूळ गाडीवरच्या २.४ मिलिमीटरांएवढा! दारांच्या फटी त्यात बुजतात. रंग स्वल्प हवा. पातळ हात, पुनःपुन्हा."

वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आमची मुले तिला एवढ्याच आकारात ओळखतात. बॉनेटशेजारी बाहेर बसविलेला मीटर कशासाठी, म्हणून विचारतात. त्यांची मराठीही अशीच, परमुलुखात बेताने मावलेली. तिच्यावर सुट्टीच्या एका महिन्यात जाड थर चढविण्यापेक्षा रोज जेवताना एकेक पातळ हात द्यावा, हे आम्हांला त्या मीटरची गोष्ट सांगता सांगता पटले.