दात खाणे आणि जबड्याचे दुखणे

झोपेत कोणी दात खाऊ लागला की आपल्या गडहिंग्लज भागात ‘पोटात जंत झालेत’ म्हणतात. आईने मलाही जंतांचे औषध सुचवले, तेही पंचेचाळिसाव्या वर्षी! मार्चअखेरचे हिशेब सुरू झाले की रात्री माझे दात कडाकडा वाजतात, असे घरातून सांगितले जाते. सकाळी कानशिलाशी ठणका आणि जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज. मोठ्या माणसात जंतांपेक्षा ताण, मोडलेली झोप, तंबाखू, दारू यांच्याकडे आधी पाहावे लागते.

एका दंतवैद्याने दात घासून चावा जुळवू म्हटले. मी नको म्हणालो. घासलेला दात परत वाढत नाही, एवढा हिशेब बी. कॉम.ला कळतो. दुसऱ्याने साचा घेऊन रात्री घालायची कडक पट्टी दिली. पट्टीने दातांची झीज वाचते. सवय मोडेलच असे नाही.

जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणे, ताण हाताळायला शिकवणारे समुपदेशन यांना त्यांनी वर ठेवले. दुखणे घालवण्यासाठी पट्टी किंवा बोटॉक्सची इंजेक्शने यांवर त्यांचा भर नाही. चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्या आणि सांध्यातली चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांना तर ठाम नकार. म्हणजे गरिबाच्या खिशाला झेपेल तेच पुष्कळसे वरच्या ओळीत!

मी ओला गरम शेक घेतो, दुखते तेव्हा भाकरी आमटीत कुस्करतो, ऊस दाताने सोलत नाही. कामात ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, हे मात्र सारखे आठवावे लागते.

वाचकहो, ‘जबडा धरलाय’ म्हणून वस्तीतली पोरे माझ्याकडे येतात, त्यांची गोष्ट निराळी आहे. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. इथे पट्टी आणि शेक यांवर दिवस घालवू नयेत. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर उपजिल्हा रुग्णालयात तोंड दाखवावे. गेल्या महिन्यात मी दोघांना घेऊन गेलो. एकाची दोनच बोटे जात होती.